हवालदारांचा पुढचा ब्रेक

सातारा शहरात यंत्रांना शिव्या देणारी माणसं पुष्कळ आहेत. पण शिवी दिल्यावर यंत्राने ती मुकाट्याने ऐकून घ्यावी आणि कामाला लागावं, असा दरारा असलेला माणूस मी एकच पाहिला. ते आमचे हवालदार. पाणी न ओढणारा पंप असो, खरखरणारा रेडिओ असो की रस्त्याच्या मधोमध आडवा झालेला उसाचा ट्रक असो, हवालदार त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहत, त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत आणि म्हणत, "व्हय रं? सरकारी तेल पितोस आनि झोपा काढतोस?" त्यानंतर ते त्याला कुठेतरी एक टोला हाणत. टोल्यापेक्षा शिवीचाच परिणाम जास्त होत असावा असा माझा अंदाज आहे, कारण तोच टोला मीही त्याच जागी हाणून पाहिला आहे आणि माझा फक्त हात सुजला आहे. असं सगळ्या जिल्ह्यातलं लोखंड ज्यांना वचकून होतं, त्या हवालदारांच्या स्वतःच्या मोटरसायकलचा पुढचा ब्रेक मात्र त्यांना काडीची किंमत देत नव्हता.

हवालदार फौजेत मोटारगाड्यांच्या दुरुस्तीवर होते. पेन्शन घेऊन ते साताऱ्यात स्थायिक झाले आणि घरामागे त्यांनी पत्र्याची शेड घातली. शेडला लागून एक खोली होती. ती त्यांनी आमच्या युवक संघटनेला कार्यालयासाठी दिली. आमच्या कार्यावर त्यांची श्रद्धा होती असं मुळीच नाही. "तुमी पोरं रात्रंदिवस कागद काळं करताय, त्यापरीस एखादं इंजिन खोललं असतं तर देशाचं भलं झालं असतं," हे त्यांचं आमच्या चळवळीबद्दलचं संपूर्ण मत होतं, आणि ते आमच्या प्रत्येक बैठकीत भिंतीपलीकडून ऐकू येत असे. मला ते 'पुढारी' म्हणत. दुष्काळ सरला होता, पण पूर्वेकडच्या तालुक्यांत पाण्याचे टँकर अजूनही फिरत होते आणि ते तहानलेल्या वस्त्यांऐवजी ठरावीक माणसांच्या विहिरींत रिकामे होत होते. याविरुद्ध आमची पत्रकं निघत. ती सायक्लोस्टाइल यंत्रावर आम्हीच काढत असू आणि म्हसवड, आटपाडी, जत अशी गावोगाव वाटत असू. एसटीने जायचं तर दोन दिवस मोडत. हवालदारांचं गाव जतच्या अलीकडे एका माळावर होतं आणि महिन्यातून एकदा ते तिकडे जातच. म्हणून पत्रकांचे गठ्ठे आणि मी, असं दोन्ही सामान त्यांच्या मोटरसायकलवर लादलं जाऊ लागलं. त्यातलं कुठलं सामान जास्त निरुपयोगी, याबद्दल ते वाटेत मोठ्याने विचार करत.

ही मोटरसायकल कुठल्याही एका कारखान्यात जन्मलेली नव्हती. सांगाडा आणि इंजिन फौजेच्या लिलावातलं. पुढचे दांडे एका अपघातात सापडलेल्या गाडीचे, चाक तिसऱ्याच गाडीचं. पेट्रोलची टाकी एका पत्रेवाल्याने ठोकून दिलेली, त्यामुळे ती दिसायला घागरीच्या कुळातली होती. बसायला ट्रॅक्टरची लोखंडी बैठक. माझ्यासारख्यांसाठी तिच्यामागे एक फळी आणि फळीवर गोणपाट. हॉर्न भंगारात निघालेल्या एका बसचा, तो वाजला की समोरची माणसं बाजूला व्हायचं सोडून हात दाखवत आणि चढायला धावत. पण या सगळ्या गोळाबेरजेत हवालदारांच्या अभिमानाची वस्तू एकच होती, पुढच्या चाकाचा आस. तो त्यांच्या वडिलांच्या बैलगाडीचा होता.

इथे जरा थांबून सांगावं लागेल. बैलगाडीची दोन्ही चाकं ज्या लोखंडी दांड्यावर फिरतात त्याला आख म्हणतात. हवालदारांच्या घरी वडिलांच्या हातची गाडी होती. दुष्काळात बैल छावणीत गेले ते परत आले नाहीत आणि गाडी खोपटाला टेकून उभी राहिली. हवालदारांचे थोरले भाऊ तेव्हा मेंढरं घेऊन खाली उसाच्या पट्ट्यात उतरले होते. इकडे हवालदार गावी गेले, त्यांनी गाडी पाहिली, गंजत चाललेला आख पाहिला आणि त्यांच्यातला कारागीर जागा झाला. त्यांनी गाडी मोडली. लाकूड वहिनींच्या चुलीशी रचून ठेवलं, आख खांद्यावर टाकला, सांगली गाठली आणि एका लेथवाल्याच्या उरावर बसून त्या आखाचा मोटरसायकलच्या चाकाला बसेल असा आस कातून घेतला. चार महिन्यांनी थोरले मेंढरं घेऊन परतले. खोपटापाशी गाडी नव्हती. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. वहिनींनी सांगितलं तेवढं ऐकून घेतलं, आणि त्या दिवसापासून धाकट्या भावाशी बोलणं बंद केलं.

"बापाचा आख गंजत पडला हुता," हवालदार मला दर खेपेला ऐकवत. "मी त्येला रस्त्याव आनला. फिरता ठिवला. आता ह्यात माझं चुकलं काय, सांग की पुढारी!"

मी सरळ सांगत असे. "विचारलं नाहीत, हे चुकलं. सामाईक मालमत्ता होती."

"झालं! काढ पत्रक माझ्याविरुद्ध!"

तेव्हा हवालदारांना या आयुष्यात दोनच गोष्टी हव्या होत्या. एक, पुढचा ब्रेक लागावा. आणि दुसरी, थोरल्यांनी एक शब्द बोलावा. दोन्ही प्रकरणं एकाच सुमाराला अडकली होती. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकी, म्हणत, "दोगं भाऊ आनि त्यो बिरीक, तिगं एका मापाचं. किती बी दाबा, आवाज म्हनून काडनार न्हाईत."

हवालदारांची काम करण्याची पद्धत फौजी होती. सकाळी शेडमध्ये पाने, पकडी, हातोडे उंचीप्रमाणे रांगेत मांडले जात आणि हवालदार त्यांची पाहणी करत. न पुसता ठेवलेला पाना दिसला की त्याला रांगेबाहेर काढून एका बाजूला उभा करत. पण खरा कडकपणा बिघडलेल्या सुट्या भागांच्या बाबतीत. जो भाग दोषी ठरेल त्याचं कोर्टमार्शल होई. शेडच्या एका भिंतीवर खिळे मारलेले होते आणि ब्रेकच्या चौकशीत दोषी ठरलेला प्रत्येक भाग तिथे टांगलेला होता. पहिल्यांदा ब्रेकची तार टांगली गेली. 'ताणली जाते' हा आरोप. नवी तार आली, साताऱ्याच्या गल्लीत ब्रेक झकास लागला, आम्ही जतला जाऊन आलो, ब्रेक गेला. मग ब्रेकच्या आतल्या अर्धगोल पट्ट्या टांगल्या गेल्या, त्यांच्यावरचं लायनिंग गुळगुळीत झालं म्हणून. नव्या पट्ट्यांवर सांगलीहून नवं लायनिंग रिबेट मारून आणलं. साताऱ्यात ब्रेक असा लागला की काकींच्या कोंबड्यांनी जागा बदलली. जतला जाऊन आलो. ब्रेक गेला. मग मूठ टांगली गेली. मग आतली स्प्रिंग. मग ज्या भांड्याला आतून पट्ट्या घासतात ते भांडं लंबगोल झालं असेल म्हणून त्याला सांगलीच्या लेथवर चढवलं. लेथवाला म्हणाला, "हवालदार, ह्ये गोल हाय. ह्येच्यापेक्षा गोल काय नसतंय." हवालदारांनी त्यालाच दोषी धरलं. त्याला भिंतीवर टांगता येत नव्हतं, एवढंच.

मला सांगलीच्या बाजाराचा संशय होता. तिथे पुठ्ठा रंगवून लायनिंग म्हणून विकणारी माणसं होती आणि आजही असतील, हे मी इथे स्पष्टपणे नोंदवून ठेवतो. 'ब्रेकच्या नावाखाली पुठ्ठा! प्रवाशांच्या जिवाशी खेळणाऱ्यांचा धिक्कार असो!' असा मथळा घालून मी एक पत्रक लिहिलं. हवालदारांनी ते वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या लेखनाला दाद दिली. "हां! आता कसं कामाचं लिवलंस. पन 'धिक्कार' पातळ वाटतंय. दोन-चार झणझणीत घाल." ते झणझणीत शब्द त्यांनी सुचवलेही. छापण्यासारखा त्यात एकही नव्हता.

प्रत्येक खेपेला ब्रेक उघडला की आत एकच गोष्ट सापडे. लायनिंग तेलाने चिंब. हवालदारांचं निदान ठरलेलं होतं: चाकाच्या बेअरिंगमधलं ग्रीस उन्हाने पातळ होऊन आत उतरतं. यासाठी त्यांनी जाड नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, वायसर कापून घातले, मग दुहेरी घातले. ग्रीसचे डबे बदलले. खरं म्हणजे त्यांना डबे बदलायची गरज नव्हती. सगळ्या तेलांचा वास आपल्याला पाठ आहे, डोळे बांधले तरी वासावरून तेल ओळखीन, अशी त्यांची बढाई होती. उघडलेल्या प्रत्येक यंत्रात ते आधी नाक घालत. अडचण इतकीच की त्या नाकात चोवीस तास तपकीर भरलेली असे. त्या तपकिरीतून वाट काढत आत पोचेल असा वास भूतलावर नव्हता. त्यामुळे वास घेऊन झाल्यावर ते मान डोलवत आणि जे त्यांनी आधीच ठरवलेलं असे तेच जाहीर करत.

जतच्या अलीकडच्या त्या वस्तीवर दर खेपेला एकच प्रकार घडे. आम्ही पोचायचो. थोरले दारात बाजेवर बसलेले असत, खांद्यावर घोंगडं, डोक्याला मोठं मुंडासं. हवालदार वाकून पाया पडत. थोरले दूर मेंढरांकडे बघत राहत. कुत्र्याशी ते कानडीत बोलत, मेंढरांशी मराठीत, माझ्याशी मान हलवून, आणि धाकट्या भावाशी कशातच नाही. वहिनी आम्हाला आत बसवत, बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं वाढत. थोरले कधी आमच्याबरोबर जेवत नसत. जेवण होऊन आम्ही बाहेर येईपर्यंत ते मेंढरांमागे निघून गेलेले असत. हवालदार किक मारायच्या आधी माळाकडे तोंड करून मोठ्याने म्हणत, "येतो, आण्णा!" माळावरून उत्तर म्हणून नुसतं वारं येई. मग पार म्हसवडपर्यंत हवालदार एक शब्द बोलत नसत. म्हसवडला चहा झाला की टँकरवाले, पुढारी आणि सांगलीचा लेथवाला यांच्यावर एकदम तोंड सोडत, आणि मला बरं वाटे.

परतीच्या वाटेवर पुसेगावच्या पुढे वर्धनगडचा घाट लागतो. येताना त्याचा उतार आमच्या वाट्याला येई, आणि त्याच उतारावर पुढचा ब्रेक दगा देई. हवालदार मूठ आवळत, ती सायकलच्या घंटीसारखी सहज दबली जाई आणि गाडीला काहीही वाटत नसे. मागचा ब्रेक एकटा किंचाळत राही. अशा वेळी मी डोळे मिटून घेत असे. पूर्वेकडच्या तालुक्यांच्या पाण्यासाठी मरायची माझी तयारी होती; वायसरसाठी नव्हती.

मग एकदा काकी चिडल्या. कशावरून ते आठवत नाही, पण त्यांनी तपकिरीची डबी लपवली. हवालदारांनी सगळं घर उलटंपालटं केलं, आमच्या कार्यालयात पत्रकांचे गठ्ठे उचलून पाहिले, माझ्यावर कटाचा आरोप ठेवला. डबी सापडली नाही, आणि दुकानातली दुसरी तपकीर त्यांच्या नाकाला चालत नसे. चौथ्या दिवसापर्यंत ते शिंकून शिंकून थकले आणि नाक मोकळं होऊन बसले. आम्ही आदल्याच दिवशी जतहून आलो होतो. त्यांनी रिवाजाप्रमाणे पुढचं चाक खोललं, पट्ट्या बाहेर काढल्या, बोटाने तेल निपटलं आणि नाकाशी नेलं.

मी बाहेर ओट्यावर पत्रकं मोजत होतो. शेडमधला आवाज बंद झाला. शिवी नाही, ठोकाठोक नाही. शंका येऊन मी आत डोकावलो तर हवालदार पाटावर बसलेले, बोट अजून नाकापाशी. मग त्यांनी ते बोट जिभेला लावलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"ह्ये ग्रीस न्हाई."

"मग?"

"एरंडेल हाय. त्यात चिंध्यांची राख खलवलेली." त्यांनी बोट माझ्यासमोर धरलं. "आमच्या घरचं वंगण हाय ह्ये, गड्या. आमची आई करायची तसलं. गाडीच्या आखाला घालायचं."

मला कळेना. जतच्या वस्तीवरचं वंगण मोटरसायकलच्या ब्रेकमध्ये येईल कसं? हवालदार उठले. त्यांनी पट्ट्या धुतल्या नाहीत, भिंतीवरही टांगल्या नाहीत. फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवल्या.

पुढच्या खेपेला जेवायला बसताना ते मुद्दाम दाराकडे तोंड करून बसले. मीही त्यांच्या बाजूला. वहिनींनी भाकरी वाढली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि खोपटाच्या सावलीत आमची गाडी उभी होती. थोड्या वेळाने थोरले खोपटामागून आले. त्यांच्या हातात बांबूचं नळकांडं होतं, जुन्या बैलगाडीखाली टांगलेलं असतं तसलं. ते पुढच्या चाकाशी उकिडवे बसले. मुंडाशाच्या टोकाने त्यांनी आसावरची धूळ पुसली. मग नळकांड्यातली काडी बुडवून आसाच्या एका टोकाला वंगण सोडलं, मग दुसऱ्या टोकाला. भरपूर, हात राखून न ठेवता. चाक उचलून दोन फेरे फिरवलं, कान लावून ऐकलं, पुन्हा वंगण सोडलं. मग उठले, नळकांडं खोपटाच्या आढ्याला अडकवलं आणि मेंढरांकडे निघून गेले.

मी उठलोच होतो. वर्धनगडच्या उतारावर ज्याने डोळे मिटले आहेत त्यालाच माझा संताप कळेल. हवालदारांनी माझा गुडघा दाबून मला खाली बसवलं.

"गप बस. जेव."

"अहो, पण ते आपला जीव घेतायत! सांगा त्यांना!"

"जेव म्हनलं न्हवं?"

वहिनींनी आमच्याकडे पाहिलं आणि हवालदारांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.

वस्ती मागे पडल्यावर एक वळण येतं, तिथे एक बाभळ आहे. हवालदारांनी तिथे गाडी थांबवली. मी लगेच तोंड सोडलं. म्हटलं, अज्ञानामुळे होणारं नुकसान हे नुकसानच असतं. समजावून सांगणं हे आपलं कर्तव्य आहे. एका वाक्याचं काम आहे: आण्णा, ह्या चाकात तेल चालत नाही. हवालदार माझं सगळं भाषण ऐकून घेत होते, हे मला नवीन होतं.

"तुझं बराबर हाय," ते म्हणाले. "पन तुला आमच्यातली रीत ठावं न्हाई. घरातनं गाडी निघाली की घरातल्या थोरल्यानं आखाला वंगण घालायचं. कोरड्या आखानं गाडी भाईर पाठवायची न्हाई. आधी बा घालायचा, बा गेल्यावं आण्णा." त्यांनी खाली वाकून आसाला हात लावला. बोट काळं झालं. "आनि पाव्हण्याच्या गाडीला न्हाई घालत कुनी. घरच्याच गाडीला घालत्यात."

उरलेलं भाषण मी गुंडाळून ठेवलं. चळवळीत असं क्वचित होतं.

त्या दिवशी आम्ही वर्धनगडचा घाट पहिल्या गिअरमध्ये उतरलो. ब्रेक जाणार हे आता आधीच माहीत होतं. प्रत्येक वळणाच्या आधी हवालदार ओरडत, "पुढारी, पाय!" आणि मी दोन्ही पाय रस्त्यावर घासत असे. कोरेगावात पोचलो तेव्हा माझ्या वहाणांचे तळ संपले होते आणि हवालदार खुशीत होते. मी त्यांना इतकं खुशीत पूर्वी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये निकाल जाहीर झाला. भिंतीवरचे सगळे आरोपी खाली उतरवण्यात आले. तार, मूठ, स्प्रिंग, लायनिंगच्या जोड्या, एकेकाला रॉकेलने धुऊन, पुसून हवालदारांनी "बाइज्जत बरी" म्हणत, म्हणजे सन्मानाने निर्दोष सोडून, फळीवर ठेवलं. तारेची त्यांनी जास्त वेळ समजूत काढली, कारण ती सगळ्यांत आधी टांगली गेली होती. लेथवाल्याला त्यांनी माझ्यामार्फत रामराम सांगितला. मला पत्रक फाडायला लावलं. ते मी फाडलं, पण बाजारातल्या पुठ्ठ्याबद्दल माझं म्हणणं कायम आहे.

मग ते पंधरा दिवस शेडमध्ये कोंडून घेऊन काम करत होते. मला वाटलं, ते आस बदलतायत. साधा बाजारातला आस घातला असता तर प्रश्नच मिटत होता. त्यांनी आस तसाच ठेवला. सांगलीहून रबरी सीलं आणली आणि चाकाच्या तोंडाशी अशी बसवली की बाहेरचं तेल आत जाऊ नये. आणि आसाच्या दोन्ही टोकांना, नटाच्याही पलीकडे, पितळेची एकेक छोटी वाटी डाखवली, म्हणजे डाख वितळवून पक्की जोडली. वाटीला झाकण. झाकणावर मोराची नक्षी, ती त्यांची नव्हती, काकींच्या जुन्या करंड्याची होती. करंड्यावरून दोन दिवस भांडण चाललं होतं.

"ही कशाला?" मी विचारलं.

"तेल घालाया."

मी झाकण उघडून पाहिलं. वाटीला खाली भोक नव्हतं. तेल जाणार कुठेच नव्हतं.

"ही तर फसवणूक आहे," मी म्हणालो. मला तेव्हा तसंच वाटलं होतं आणि मी ते बोललो.

"आसंल," हवालदार म्हणाले आणि मोरावरून फडकं फिरवू लागले.

पुढच्या खेपेला माझं लक्ष भाकरीपेक्षा दाराकडे होतं. हवालदारांचंही तेच. ते एकच तुकडा माडग्यात बुडवून बसले होते. थोरले आले. चाकाशी बसले. वाटी पाहून त्यांचा हात थांबला. त्यांनी मोराचं झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आत बोट घालून फिरवलं. मग आमच्या दाराकडे एकदा पाहिलं, आणि आम्ही दोघांनीही ताटात मान घातली. मान वर केली तेव्हा त्यांनी वाटी काठोकाठ भरली होती आणि दुसऱ्या बाजूला वळले होते.

बाभळीच्या वळणावर हवालदारांनी गाडी थांबवली, दोन्ही वाट्यांतलं वंगण एका बाटलीत ओतून घेतलं, वाट्या कोरड्या पुसल्या आणि ते वंगण गाडीच्या साखळीला लावलं. "वाया कशाला घालवायचं?" ते म्हणाले. हा पुढे रिवाजच पडला. दर खेपेला थोरले वाट्या भरत, दर खेपेला बाभळीखाली त्या रिकाम्या होत. महिन्याने पुन्हा कोरड्या वाट्या पाहून थोरले काय समजत असतील, कोण जाणे. जन्मभर आखाला वंगण घातलेल्या माणसाला तेल कुठं मुरतं आणि कुठं नुसतं उभं राहतं हे कळत नसेल, असं मला वाटत नाही. पण हवालदारांसमोर मी हे बोललो नाही.

त्यानंतर एकदा आम्ही निघालो तेव्हा थोरले मेंढरांकडे गेले नव्हते. ते खोपटाच्या मेढीला, म्हणजे लाकडी खांबाला, धरून उभे होते. हवालदारांनी किक मारली, गाडी हलली, सवयीने ते माळाकडे तोंड करून ओरडले, "येतो, आण्णा!" आणि मागून, अगदी जवळून, न वापरल्यामुळे गंजल्यासारखा आवाज आला,

"दमानं जा रं."

हवालदारांनी दचकून पुढचा ब्रेक आवळला. तो लागला. असा लागला की गाडी जागच्या जागी खिळली, आणि मी फळीवरून उडून हवालदारांच्या डोक्यावरून पलीकडे पडलो. पत्रकं सगळ्या माळावर पसरली. मी कोपर झाडत उठलो तर मला विचारायला कुणीही आलं नाही. हवालदार मूठ आवळून तसेच बसले होते, थोरले मेढ धरून तसेच उभे होते, आणि दोघंही त्या पुढच्या चाकाकडे बघत होते.

"लागतोय चांगला," थोरले म्हणाले.

"लागतोय की," हवालदार म्हणाले.

त्या दिवशी याहून जास्त संभाषण झालं नाही. दोघांच्याही मानाने ते पुष्कळ होतं. मी पत्रकं गोळा केली. बरीचशी मेंढरांनी खाल्ली होती. म्हसवडपर्यंत हवालदार नेहमीसारखे गप्प होते, पण मध्येच विनाकारण बसचा तो हॉर्न वाजवत होते.

पुढच्या दीड-दोन वर्षांत थोरले थोडं थोडं बोलू लागले. मेंढरांबद्दल, पावसाबद्दल. आखाबद्दल कुणीच काही काढलं नाही. मग एका हिवाळ्यात ते गेले, मेंढरांबरोबर बाहेर असतानाच, झोपेत. हवालदार दहाव्याला गेले ते एसटीने. त्यानंतरच्या महिन्यात त्यांनी मोटरसायकल काढली आणि पत्रकं नसतानाही मला म्हणाले, "चल, पुढारी."

बाज दारात तशीच होती. वहिनींनी भाकरी वाढली. जेवताना हवालदार दाराकडे तोंड करून बसले होते आणि बाहेर गाडी उभी होती. जेवण झालं, आम्ही उठलो. हवालदार गाडीपाशी गेले, टाकीवर हात ठेवला, पण बसले नाहीत. मग मागे फिरले, खोपटात गेले आणि आढ्याचं नळकांडं काढून आणलं. ते चाकाशी उकिडवे बसले. आता त्या घरात त्यांच्यापेक्षा थोरलं कुणी नव्हतं. ज्या माणसाने ती वाटी स्वतः डाखवली होती, तिला भोक नाही हे ज्याला सगळ्या जगापेक्षा जास्त माहीत होतं, त्याने मोराचं झाकण उघडून काडीने हळूहळू वंगण सोडलं. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. चाक उचलून फिरवलं, कान लावला.

बाभळीचं वळण आलं. गाडी थांबली नाही. त्यांना आठवण करून द्यावी म्हणून मी त्यांच्या खांद्याला हात लावला. "हवालदार, वाट्या."

"ऱ्हाऊ दे गड्या," ते मागे न बघता म्हणाले.

झाकणं काही घट्ट नव्हती. प्रत्येक खड्ड्याला वंगण थोडं थोडं उडत होतं आणि माझ्या पायजम्यावर काळे ठिपके पडत होते. ते पुढे कशानेही निघाले नाहीत. म्हसवडला आम्ही चहाला थांबलो नाही. पुसेगाव गेलं, वर्धनगडचा घाट आला. हवालदारांनी पुढच्या मुठीवर दोन बोटं ठेवली आणि उतार संपेपर्यंत काढली नाहीत. ब्रेक लागत होता. आणि ती गाडी, जिला मी कधी दमानं जाताना पाहिलं नव्हतं, दमानं खाली उतरली.